शेऱ्याचा रकाना

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

सहाही गाड्या गेल्या. मी भट्टीच्या मागच्या दाराशी एका उलट्या क्रेटवर बसून हे लिहीत आहे. आज चारशे वीस क्रेट पाव भरून पाठवला. मोजणी दोनदा केली, दोन्ही वेळा चारशे वीसच आली. तिसऱ्यांदा करायची होती, पण गाड्या सुटल्या.

ही वही ताईने दिली. म्हणाली, "मनात घोळतं ते कागदावर उतरव, म्हणजे जेवताना तरी गप्प बसशील." मी जेवताना फार बोलतो असे मला वाटत नाही. काल फक्त चार वेळा विचारले, की पाचव्या कंपनीला अर्ज नीट पोचला का.

ताई ऑपरेशन्स रिसर्च शिकली. वर्गात दुसरी आली. निकालाच्या दिवशी शेजारच्या काकू आल्या आणि गुडघा पुढे करून म्हणाल्या, "बघ गं, याचं करावं लागेल का?" तेव्हापासून कुणी विचारले तर आम्ही "हिशेबाचं शिक्षण" असे सांगतो. मला समजले ते असे: काम तेच, माणसे तीच, गाड्या त्याच, पण कोणत्या क्रमाने केले तर कमीत कमी वेळ लागेल, हे गणिताने काढायचे. चार ठिकाणी तिला नकार आला. चौथ्या ठिकाणचे साहेब म्हणाले, "तुमचं गणित उत्तम आहे, पण आम्हाला काही कळलं नाही." हे तिने आम्हाला हसत हसत सांगितले. मग भांडी घासायला गेली. भांडी तीनच होती, पण नळ बराच वेळ चालू होता.

पाचवी कंपनी गोदामातून दुकानांना औषधे पोचवते. तिची जाहिरात मी सुवाच्य अक्षरात उतरवून ताईच्या टेबलासमोर चिकटवली आहे. उमेदवाराकडे काय हवे, ते त्यात दिले आहे. गणित हवे, संगणक हवा. माहिती गोळा करून तपासता यावी, अवघड गोष्ट सोप्या शब्दांत सांगता यावी, सर्व थरांतल्या माणसांबरोबर काम करता यावे. शेवटी लिहिले आहे, "प्रत्यक्ष जागेवर जाऊन समस्या ओळखता यावी." हे शेवटचे मला कळले नाही. अडचण तर समोरच असते, ती ओळखायची काय? आणि मुलाखतीला येताना खरोखर करून पाहिलेले एक काम घेऊन यायचे आहे. वीस तारखेला.

(माझी शाळा नववीत सुटली. बाबा गेले त्या वर्षी एकाचीच फी भरता येण्यासारखी होती आणि ताई हुशार होती, त्यामुळे त्यात ठरवण्यासारखे काही नव्हते. शब्द अडला की मी ताईच्या जुन्या शब्दकोशात पाहतो. त्याची शेवटची पाने फाटली आहेत, म्हणून स आणि ह पासून सुरू होणारे शब्द मी जपून वापरतो. "समस्या" जाहिरातीत होता तसा उतरवला.)

मंगळवार, ४ मार्च. दुपार.

आज धीर करून मालकांना विचारले. ते बरेच दिवस म्हणत आहेत की अठ्ठावन्न दुकानांना सहा गाड्या जास्त होतात, पाचांत भागले पाहिजे. मी म्हटले, माझ्या बहिणीला आराखडा काढू द्या.

"पैसे किती घेणार?"

"काही नाही. मुलाखतीत दाखवायला काम हवं आहे तिला."

"फुकट असेल तर माझ्या भट्टीचासुद्धा नकाशा काढू दे," मालक म्हणाले.

ताईला सांगितले तर तिने मला उचलायचा प्रयत्न केला. मी आता तिच्यापेक्षा वजनाने जास्त आहे. दोघेही शिवणयंत्रावर आदळलो आणि आई म्हणाली, "नोकरी लागायच्या आत घर मोडू नका."

शुक्रवार, ७ मार्च. दुपार.

तीन दिवस गाड्यांतून फिरलो. ताईने दुसऱ्या एका वहीत रकाने आखून दिले होते: दुकान, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, क्रेट. पानावर उजवीकडे जागा उरत होती, म्हणून मी एक रकाना स्वतः आखला आणि वर "शेरा" लिहिले. जागा रिकामी ठेवणे बरे वाटत नाही.

आज हळूकाकांची गाडी होती. काका आमच्याकडचे सर्वांत जुने चालक. त्यांची गाडी रोज शेवटी परत येते, म्हणून त्यांना हळूकाका म्हणतात. त्यांच्या तोंडावरही म्हणतात आणि ते ओ देतात. मला ते मिनिटराव म्हणतात.

"मिनिटराव, घड्याळाला चावी दिली का?"

"हे सेलवर चालतं, काका."

"मग सेलला तरी दम खाऊ द्या."

चढावरच्या दुकानापाशी काका अकरा मिनिटे थांबले. इतर दुकानांना दोन-तीन मिनिटे लागतात. दुकानवाल्या मावशींनी पाणी दिले. काका पायरीवर बसले, पाय लांब केला, आणि कुणाच्या तरी मुलीच्या परीक्षेविषयी बोलत राहिले. मी गाडीत बसून घड्याळ पाहत होतो. मागे काहीतरी खडखडत होते. मला उतरून पाहायचे होते, पण वेळ चुकली असती.

लिहिले ते असे: पोचलो ८.०२, निघालो ८.१३. क्रेट ३६. शेरा: पाणी, गप्पा, काकांचा उजवा गुडघा. दुकान एवढेसे, क्रेट मात्र ३६. एवढे उतरले, तरी निघताना गाडी तेवढी हलकी नाही.

शनिवार, ८ मार्च. संध्याकाळ.

ताईला ती नोंदींची वही दिली. तिने पहिले पान पाहिले आणि म्हणाली, "किती नीट लिहितोस रे! छापल्यासारखं." मला फार बरे वाटले. मग म्हणाली, "हे शेरे मात्र नकोत. मला फक्त आकडे लागतात. 'काकांचा गुडघा' मी संगणकात कुठे घालू?"

बरोबरच आहे. मी प्रत्येक पानाचा शेऱ्याचा रकाना आत दुमडला. पट्टी लावून दुमडला, म्हणजे घडी सरळ आली.

मंगळवार, ११ मार्च. दुपार.

आराखडा झाला. पाच गाड्या, अठ्ठावन्न दुकाने, आणि शेवटची गाडी आजच्यापेक्षा सत्तेचाळीस मिनिटे आधी परत. ताईने आधी तो आईला समजावून सांगितला, मुलाखतीचा सराव म्हणून.

आई बटण लावता लावता ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे ज्याचं घर वाटेत, त्याच्याकडे आधी जायचं."

"तसं नाही गं, अठ्ठावन्न दुकानं म्हटल्यावर क्रम इतके होतात की मोजायला जन्म पुरणार नाही."

"मग तू कसे मोजलेस?"

"सगळे मोजायचे नाहीत, हीच तर विद्या आहे."

आईने दोरा तोडला. "हे मात्र कळलं. एवढंच सांग त्यांना."

मालक खूश झाले. गुरुवारपासून तीन दिवस करून पाहायचे ठरले. सहावी गाडी उभी राहील. सहावी गाडी म्हणजे काकांची. मालक त्यांना म्हणाले, "तीन दिवस दाराशी बसा, मग बघू." ते "मग बघू" कसे म्हणाले ते मला कागदावर उतरवता येत नाही.

काका माझ्याकडे आले. रागावले नव्हते. "मिनिटराव, माझी अकरा मिनिटं मोजलीत वाटतं."

मी म्हणालो, "मी सगळ्यांचीच मोजली, काका."

हे खरे आहे. तरी ते म्हटल्यापासून मी ते पुन्हा पुन्हा तपासतो आहे. अकरा होती, अकरा लिहिली. दहा लिहिली असती तर खोटे झाले असते. पण मी तिथे लिहिले, की ते गप्पा मारतात. ताईला ही नोकरी मिळाली पाहिजे आणि काकांची जाता कामा नये, या दोन गोष्टी आज दिवसभर मांडून पाहतो आहे. एकत्र बसत नाहीत.

गुरुवार, १३ मार्च. सकाळी ११.

पहिला दिवस. शेवटची गाडी चव्वेचाळीस मिनिटे आधी परत आली. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. काका दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत होते, थट्टेने. अकरा वाजेपर्यंत थट्टा संपली.

रिकामे क्रेट परत आले तीनशे चौऱ्याऐंशी. छत्तीस कमी. शिल्लक चाळीस पडून आहेत, त्यामुळे उद्याचे भागेल.

शुक्रवार, १४ मार्च.

आजही तीनशे चौऱ्याऐंशी. मालकांना सांगितले. ते म्हणाले, "येतील रे, क्रेट काय पळून जातात?" मी उद्याची वजाबाकी करून दाखवणार होतो, पण ते फोनवर बोलायला लागले. मग मी ती तशीच कागदावर केली. बत्तीस कमी पडतात. तीन वेळा केली.

घरी सांगितले नाही. ताई आरशासमोर उभी राहून "नमस्कार, मी एक प्रत्यक्ष काम करून आणलं आहे" असे म्हणत होती.

शनिवार, १५ मार्च. दुपारी १.

पाव तयार, गरम, आणि भरायला क्रेट नाहीत. बत्तीस कमी. भट्टीवाले ओरडायला लागले, कारण मागचा पाव बाहेर यायचा थांबत नाही. आम्ही खोक्यांत भरला, पिठाच्या धुतलेल्या पोत्यांत भरला, शेवटी टेबलावर वर्तमानपत्रे पसरून ठेवला. पोत्यांतला चेपला. दोन दुकानांनी परत पाठवला. मालक मला म्हणाले, "कुठे आहे तुझी ती शहाणी बहीण? बोलव!"

ताई एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात आईची, अशी धावत आली. तिने क्रेट मोजायला सुरुवात केली. मी म्हटले, "मोजले आहेत." तिने तरी एकदा मोजलेच.

तेव्हा काका स्टुलावरून उठले आणि मालकांसमोर हात पसरून म्हणाले, "किल्ली द्या." मालकांनी दिली. काकांनी आम्हा दोघांना पुढे बसवले. गाडी थेट चढावर नेली.

चढावरच्या दुकानाच्या पायरीशी बहात्तर रिकामे क्रेट रचून ठेवले होते. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "दोन दिवस तो नवा पोरगा येतोय. पाव ठेवला की पळाला! हाका मारल्या तर मागं बघायला तयार नाही. हे डोंगर काय मी डोक्यावर ठेवून आणू तुमच्याकडं?"

मागच्या बोळात सात लहान दुकाने आहेत. तिथे गाडी वळत नाही. त्यांचा पाव मावशींच्या पायरीवर उतरतो. गाडी आलेली दिसली की ती माणसे एकेक करून कालचे रिकामे क्रेट घेऊन येतात, गाडीत मागे चढवतात आणि नवे भरलेले घेऊन जातात. कुणाच्या दुकानात गिऱ्हाईक असते, कुणाचे वय झालेले असते. सगळे येऊन जायला अकरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ काका पायरीवर बसतात, कारण बसलेल्या माणसाला पाहून कुणी धावत येत नाही. मागे एक म्हातारे दुकानदार घाईत पडले होते, तेव्हापासून काका असे बसतात.

ताई पायरीवर बसली. हातात घड्याळ होते. दोन-तीन माणसे येऊन गेल्यावर तिने ते पिशवीत टाकले. काका म्हणाले, "पाय लांब कर, बाळ. बरं वाटतं."

संध्याकाळी.

घरी आल्यावर ताईने विचारले, "तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. मी लिहिलं होतं."

तिने नोंदींची वही मागितली, घड्या उलगडल्या. सगळी पाने वाचली, एकही सोडले नाही. वाचताना एकदा "दुकान एवढेसे, क्रेट मात्र ३६" असे मोठ्याने म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला. मला वाटले मी काही अशुद्ध लिहिले. तसे विचारले, तर ती मला जवळ घेऊन रडायला लागली. आई यंत्र थांबवून आत आली, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा बाहेर गेली. यंत्र मात्र सुरू केले नाही.

सोमवार, १७ मार्च. दुपार.

काल आणि आज ताई काकांच्या मागे वही घेऊन फिरत आहे. "काका, इथे का थांबता? काका, तिथून आधी का जात नाही?" काका म्हणाले, "पोरी, लग्नाच्या वेळी बायकोनं एवढं विचारलं नव्हतं."

नवा आराखडा झाला. त्यात पाव जाण्याची वाट आहे, तशी क्रेट येण्याचीही आहे. गाड्या सहाच. काकांची गाडी दुकाने कमी घेईल, पण जिथे गाडी वळत नाही अशा चारही बोळांचे रिकामे क्रेट तीच आणेल. शेवटची गाडी एकोणीस मिनिटे आधी परत.

मालक म्हणाले, "सत्तेचाळीसची एकोणीस झाली, आणि गाडी सहावी ती सहावीच! एवढा तमाशा कशाला केला?"

ताईने टेबलावरची पाण्याची बाटली, पेला आणि मालकांचा चष्मा घेतला. बाटली म्हणजे भट्टी, पेला म्हणजे बोळ, चष्मा म्हणजे क्रेट. चष्मा पेल्याशी ठेवला आणि म्हणाली, "आता वाचून दाखवा." मालकांना त्याशिवाय दिसत नाही. त्यांनी आराखडा नाकाशी धरून पाहिला, मग हसले आणि म्हणाले, "बरं बाई, चष्मा परत आण."

दर वर्षी "हरवले" म्हणून ते नवे क्रेट आणतात. उरलेल्या तीन बोळांत त्यांतले साठ सापडले. काका उद्यापासून या आराखड्याप्रमाणे गाडीवर.

मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी ठेव तुझ्याकडं. माझी अकरा मिनिटं परत दे." मी विचारले, कशी देऊ? म्हणाले, "मिनिटराव, तेही मीच सांगू?"

बुधवार, १९ मार्च.

उद्या मुलाखत. ताईसमोर दोन फायली आहेत. सत्तेचाळीस मिनिटांची दिसायला सुंदर आहे, तीन रंगांत. एकोणीसच्या फायलीत खाडाखोड आहे. मला वाटते सत्तेचाळीसची न्यावी, कंपनीला चेपलेला पाव कुठे दिसणार आहे? मी तसे म्हणालोही. म्हटल्यावर मलाच लाज वाटली.

ताई म्हणाली, "तुझी नोंदींची वही दे. आणि तूही चल. बाहेर बस. तू आहेस म्हटलं की बरं वाटतं."

वहीत कच्च्या शिसपेन्सिलीने लिहिलेले आहे आणि गुडघ्याचा उल्लेख आहे. आज दुपारभर सगळी पाने तपासली. चौदाव्या पानावर "उशिर" असे निघाले. ते "उशीर" केले.

गुरुवार, २० मार्च. दुपारी ३ वाजून २० मिनिटे.

ताई ११.०५ ला आत गेली. मी बाकावर बसलो. तिच्या आधी दोघे उमेदवार आत जाऊन आले होते, एक बारा मिनिटांत बाहेर, एक पंधरा. ताई बाहेर येईना. पंचविसाव्या मिनिटाला आतून हसण्याचा आवाज आला. मी मिनिटे पुन्हा मोजली.

बत्तिसाव्या मिनिटाला दार उघडून चष्मेवाल्या बाई बाहेर आल्या. हातात माझी वही. मी उभा राहिलो.

"'एवढे उतरले, तरी निघताना गाडी तेवढी हलकी नाही.' हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"उतारावर ब्रेकच्या आवाजावरून. गाडी हलकी असली की नुसता घासल्यासारखा येतो, तेव्हा कण्हल्यासारखा येत होता."

"पण कुणी विचारलं नसताना लिहिलंत का?"

खरे ते सांगितले. "रकाना होता म्हणून."

बाईंनी वहीच्या त्या पानात बोट ठेवले. मग आत गेल्या आणि पुन्हा हसण्याचा आवाज आला. माझ्यामुळे ताईची नोकरी जाणार, असे मी तिला बाहेर आल्या आल्या सांगितले. ती म्हणाली, "वेड्या, गप्प चल."

रस्त्यात सांगत होती. त्यांनी विचारले, तुमची आजवरची सर्वांत मोठी चूक कोणती? ती म्हणाली, "मी वहीचा एक रकाना दुमडायला लावला." मग सगळी हकीकत सांगितली, बाटली आणि चष्म्यासकट. कुणाचा चष्मा घेतला ते विचारले, तर म्हणाली, त्याच बाईंचा.

वही त्यांनी ठेवून घेतली आहे. तिची दुसरी प्रत नाही.

बुधवार, २६ मार्च. दुपार.

ताईला नोकरी मिळाली!

आईने पत्र चष्मा लावून वाचले, काढून वाचले, आणि बाबांच्या फोटोसमोर ठेवले. मग म्हणाली, "आता तरी जोडीच्या चपला घालून बाहेर जा."

पत्राखाली त्या बाईंनी हाताने दोन ओळी लिहिल्या आहेत. वही ज्यांची आहे त्यांनी सोमवारी दहा वाजता यावे, आमच्या गाड्यांबरोबर फिरणाऱ्यांच्या वह्यांत शेऱ्याचा रकाना कसा असावा ते त्यांच्याकडून ठरवून घ्यायचे आहे, भट्टीतल्या कामाविषयीही बोलू.

रकाना आखून देणे कठीण नाही. पण भट्टीतल्या कामाविषयी काय बोलणार? कदाचित क्रेटविषयी. मालकांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. ताईला म्हटले, "दुपारपर्यंत परत येईन ना?" तर ती आईकडे बघून हसायला लागली आणि आई म्हणाली, "येशील रे येशील. सदरा मात्र नवा घाल."

शनिवार, २९ मार्च. दुपारी ४.

आज काम संपल्यावर काकांच्या गाडीतून चढावर गेलो. क्रेट न्यायला नाही, सहजच. पायरीवर दोघे बसलो. मावशींनी पाणी दिले. मी सोमवारचे सांगितले. काकांनी पेला खाली ठेवून विचारले, "मग आता भट्टीवर क्रेट कोण मोजणार?"

"मीच. मी दुपारी परत येणार आहे."

"हो हो," काका म्हणाले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचा गुडघा आज बरा आहे.

आजचा खर्च: नवी पट्टी, पंधरा. सोमवारच्या बससाठी बाजूला, जाऊन-येऊन, चोवीस.

येणे: कंपनीकडून माझी वही.

देणे: हळूकाकांना अकरा मिनिटे. त्यांतली आज काही फेडली. किती, ते मोजले नाही.